लिंबाएवढ्या गोळीचं भेव

परवा डॉक्टरांनी मला दोन्ही हात समोर धरायला सांगितले. बोटं पसरा, म्हणाले. पसरली. उजवा हात जरासा हलत होता. "केव्हापासून?" असं त्यांनी विचारलं, आणि मला सांगता येईना. या वयात शरीर रोज काही ना काही कुरकुरत असतं. प्रत्येक कुरकुर ऐकून घ्यायची म्हटली तर माणसाला दुसरा उद्योगच उरणार नाही. डॉक्टर गोळ्या लिहीत होते आणि मी आपल्याच हाताकडे परक्यासारखा पाहत होतो. तेव्हा मला गजभियांचा हात आठवला. तोही उजवाच. पण तो हलायचा त्याचं कारण निराळं होतं, आणि त्या हलण्यापायी त्या माणसानं अर्धं आयुष्य डोकं शिणवलं होतं.

शामराव गजभिये आमच्या कारखान्याच्या फायर ब्रिगेडमध्ये लीडिंग फायरमन होते. मी कारखान्याच्याच कॉलनीतल्या शाळेत मास्तर. मी मोहाडीचा, ते पवनी तालुक्यातल्या आसगावचे. उंच, काटक, पाठ सरळ. आवाज असा की शेजारच्या गल्लीतही हजेरी लागावी. कोणाच्याही घरी चहाला आले की आधी स्वयंपाकघरात डोकावायचे, गॅसचा खटका बंद आहे का पाहायचे, मागचं दार उघडतं का पाहायचे, आणि मग बसायचे. माझ्या बायकोला सुरुवातीला वाटलं, हे आपल्या भांड्यांची पाहणी करायला येतात. लग्नकार्यात ते जेवायला कधी मध्ये बसत नसत. मांडवाच्या कडेला, कापड कुठून फाडता येईल तिथं त्यांचं ताट. "पहिले रस्ता पाहाचा, मंग पंगत," असं म्हणायचे.

एका उन्हाळ्यात गोदामांमागच्या वाळल्या गवताला आग लागली होती. वारा उलटा फिरला, आणि सगळे मागे धावले तेव्हा हा माणूस ओला गोणपाट खांद्यावर घेऊन पुढे चालत गेलेला मी शाळेच्या गच्चीवरून पाहिला आहे. धावत नव्हते, चालत होते. असा माणूस पांढऱ्या चेंडूसमोर उभा राहिला की लटलट कापायचा.

त्या चेंडूची हकिगत सांगायला हवी. आमच्या कारखान्याला जंगलाच्या कडेला नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं. कोण्या हौशी साहेबानं फार पूर्वी आखलेलं. साहेबलोक आणि भंडाऱ्याहून येणारे सरकारी अधिकारी तिथं खेळायचे, हिवाळ्यात एका कपाची स्पर्धा असायची, आणि आम्ही बाकीचे कुंपणापलीकडून सायकल थांबवून पाहायचो. मग जिल्ह्याची वाटणी झाली, गोंदिया वेगळा झाला. निम्मे अधिकारी तिकडे गेले आणि कपाला खेळाडू पुरेनात. तेव्हा साहेबांना आठवलं की कारखान्यात साहेबांखेरीजही माणसं आहेत. स्टाफला खेळायची मुभा मिळाली. हौसेनं नाव देणारे दोघंच निघाले, गजभिये आणि मी. मला लवकरच कळून चुकलं की आपल्याला हे जमणारं नाही, आणि त्यामुळे निवांत खेळत राहिलो. गजभियांचं तसं नव्हतं. उन्हाळ्यात आगीचा बंब त्या मैदानाच्या कडेला उभा असायचा, तिथं बसून त्यांनी वर्षानुवर्षं साहेबांचे फटके पाहिले होते. हातात क्लब, म्हणजे ती फटक्याची काठी, आली तसा त्यांना खेळ येऊ लागला. जुन्या फायर होजचं कॅनव्हास शिवून त्यांनी क्लब ठेवायची पिशवी केली होती. एकटे असले की चेंडू असा जायचा की पाहत राहावं.

एकटे असले की. चार माणसं पाहत असली की हात हलू लागायचा.

पहिल्या कपाची सकाळ मला लख्ख आठवते. क्लबच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांत साहेब आणि त्यांच्या बायका. गजभियांच्या पत्नी, सुमनवहिनी, दूर मोहाच्या झाडाखाली थर्मास घेऊन बसलेल्या. व्हरांड्यात येऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. या असंही कोणी म्हटलं नव्हतं. गजभिये पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले ड्यूटीचे बूट. क्लब उचलला, फिरवला, आणि क्लब चेंडूच्या वरून हवेतून निघून गेला. चेंडू होता तिथंच. व्हरांड्यात कोणी खोकलं. कोणी बुटाकडे पाहू लागलं. हसले असते तर बरं झालं असतं, अशी ती शांतता.

आणि त्या शांततेत मोहाखालून वहिनींचा आवाज आला, "भेले का जी?"

गजभियांनी मान वळवली. क्षणभर मला वाटलं, चिडणार. पण त्यांनी हजेरीला 'हजर' म्हणावं तसं खणखणीत उत्तर दिलं, "भेलो वो!"

व्हरांड्यातही हशा पिकला, आणि सगळ्यांत मोठ्यानं गजभिये स्वतः हसले. दुसरा फटका सरळ गेला. मॅनेजरांच्या बंगाली बाईंनी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं, त्यांनी विचारलं घाबरलात का, आणि ते म्हणाले घाबरलो. बाई म्हणाल्या, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. पहिला फटका झाला की, चांगला जावो की वाईट, मोहाखालून प्रश्न यायचा आणि टीवरून उत्तर जायचं. वहिनी अंगणवाडीत होत्या. चार वर्षांच्या पोरांना रडता रडता हसवण्याची त्यांची कला त्या नवऱ्यावरही चालवीत. "आगीत घुसतात तवा भेव नाई लागत यायले," त्या मला म्हणाल्या, "अन् थ्या लिंबाएवढ्या गोळीले भेतात. कसा माणूस हाय हा, सांगा बरं मास्तर."

"आगीले कोणी पाहाले बसत नाई खुर्च्या टाकून," गजभिये म्हणाले.

ते खरंच होतं. मी एकदा त्यांना म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेता, खेळच तर आहे. ते बराच वेळ होजच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी चुकले तं मास्तर चुकले. मी चुकलो तं म्हणतीन, कायले घेतलं यायले. माह्या मांगून फायर ब्रिगेडचे पोट्टे येऊन राहिले खेळाले. थ्यायचा रस्ता मी बंद केला असं नको व्हाले." एक फटका, चार लोकांच्या देखत, न थरथरता मारायचा. या माणसाला कपसुद्धा तितका नको होता. न हलणारा हात हवा होता.

आमच्या मैदानावर त्यांचा हात एकाच ठिकाणी हमखास स्थिर व्हायचा. भंडाऱ्याच्या उन्हात होलभोवतीचं ते मखमली गवत जगत नाही. म्हणून आमच्याकडे 'ग्रीन' नव्हतेच, 'ब्राउन' होते. वाळूत जळकं ऑइल कालवून दाबून बसवलेले गोल चौथरे. त्यावर माणसं चालली की पावलं उमटायची, म्हणून प्रत्येक ब्राउनवर दोरी बांधलेली एक फळी पडलेली असायची, खालून गोणपाट ठोकलेली. शेवटचा हलका फटका मारण्याआधी आपल्या चेंडूपासून होलपर्यंत ती फळी ओढायची, वाट सपाट करायची, आणि मग खेळायचं. हा आमचा नियमच होता. बाकीचे ती फळी कशीबशी फरफटत नेत. गजभिये ती ओढू लागले की धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलावर फळी फिरवणारा माणूस दिसायचा. त्यांनी लहानपणी बापामागं तेच केलं होतं. सावकाश, एका लयीत, मागे न पाहता. फळी ठेवून चेंडूपाशी येईपर्यंत हात दगडासारखा झालेला असायचा.

पण फळी शेवटी येते, आणि टी आधी. टीवरच्या भीतीवर त्यांनी काय काय इलाज केले! कोणी लिंबू-मिरची बांधायला सांगितली, तर हात जोडून म्हणाले, "आमच्यात नाई चालत जी ते." कोणी पाढे म्हणायला सांगितले. सतराच्या पाढ्यात अडकले आणि चेंडू झुडपात गेला. विहारात भंतेजी आले होते, त्यांनी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. ते त्यांनी मनापासून केलं. मला म्हणाले, "श्वास तं बरोबर पाहिला मास्तर. चेंडू पाहाचा राहून गेला."

मग एका वर्षी इलाज आपोआप सापडला. कपाच्या आदल्या रात्री एका सहकाऱ्याची नाइट ड्यूटी यांच्यावर पडली. सकाळी डोळे लाल, गालावर खुंट, चहाचा कपही उचलवत नाही अशा अवस्थेत टीवर आले आणि त्यांनी जो फटका मारला तो पाहून साहेबलोक खुर्चीतून उठले. हात हललाच नाही. हलायला त्यात जीवच नव्हता. दिवसभर ते झोपेत चालल्यासारखे खेळले आणि दुसरे आले. मोहाखालून नेहमीचा प्रश्न आला तेव्हा पहिल्यांदाच उत्तर निराळं गेलं, "नाई वो! झोप येऊन राहिली!"

"सापडलं मास्तर," ते मला म्हणाले. "भेव ताज्या माणसाले लागते. थकल्या माणसाले झोप लागते."

पुढे प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या रात्री ते मागून नाइट ड्यूटी घेऊ लागले. फायर ब्रिगेडमध्ये त्यांच्याइतका लोकप्रिय माणूस दुसरा नव्हता. वहिनींना मात्र हे पटलं नव्हतं. "हे काय औषध झालं जी," त्या म्हणायच्या, "डोकं दुखते म्हणून डोकंच निजवून देलं."

नागपूरला एका मोठ्या क्लबच्या स्पर्धेत आमच्या कारखान्याचे चौघे जण खेळायला गेले, त्यात गजभिये होते आणि संख्या भरायला मी. वहिनी आल्या नव्हत्या, अड्याळला मामेबहिणीच्या घरी लग्न होतं. गजभिये नाइट करून थेट जीपमध्ये बसले होते. ते गवत पाहून आम्ही गांगरलोच. हिरवंगार, कापलेलं, चालताना आपले बूट लाजावेत असं. गजभिये गांगरले नाहीत. गांगरण्याइतके जागेच नव्हते ते. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि शेवटच्या होलवर आले तेव्हा त्यांचे फटके सगळ्यांत कमी होते. चेंडू होलपासून दहा-बारा हातांवर. भोवती नागपूरची मंडळी गोल करून उभी. एका फटक्यात चेंडू आत गेला असता तर कप आमच्या जीपमध्ये येत होता.

गजभियांनी इकडे-तिकडे पाहिलं. मला कळलं, ते फळी शोधताहेत. मी तोंड उघडेपर्यंत ते चालू लागले होते. फळी नाही म्हणून बुटाचा तळवा गवतावर टेकवला आणि चेंडूपासून होलपर्यंत, सावकाश, एका लयीत, मागे न पाहता, पायानं वाट सपाट करत गेले. आसगावच्या बांधीत गेले असते तसे. होलपाशी पोचून वळले, आणि भोवतालचे चेहरे पाहिले. तेव्हा त्यांना जाग आली.

गवताच्या ग्रीनवर आपल्या चेंडूची वाट अशी हातापायानं सारखी करणं म्हणजे गुन्हा. दोन फटक्यांचा दंड. पंच संकोचून पुढे आले. ते बोलायच्या आत गजभिये म्हणाले, "लावा जी दंड. चुकलं माझं." मग चेंडू मारला, तो एका फटक्यात आत गेला, आणि कप एका फटक्यानं हुकला.

आम्ही जीपनं परत निघालो. मौद्याच्या पुढे गजभिये आपणहून बोलले. "मले आज भेव नव्हतं लागलं मास्तर. थ्यातच घोटाळा झाला. भेव असतं तं ध्यान असतं." मग म्हणाले, "आमच्या ब्रिगेडमध्ये नवा पोट्टा आला अन् म्हणाला मी आगीले भेत नाई, तं थ्याले मी पाइपाजवळ उभा नाई करत. अन् मीच कसा भुललो पाहा." मला फार वाईट वाटलं. खिडकीतून वैनगंगेच्या पुलावरचे दिवे दिसले तेव्हा ते झोपून गेले होते.

त्या वर्षानंतर त्यांनी नाइट ड्यूटी मागितली नाही. पुढच्या कपाला रात्रभर व्यवस्थित झोपून, दाढी करून आले. हात थरथरत होता. मी जवळ उभा होतो, मला दिसत होतं. ते त्या हाताकडे पाहून हळूच म्हणाले, "हाल बाप्पा, हाल. तू हाल, मी मारतो." आणि मारला. फार लांब गेला नाही, पण सरळ गेला. "भेले का जी?" "भेलो वो!" त्या दिवशी ते हरले. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना मागं टाकलं. पण संध्याकाळी तर्रीपोह्यांच्या दोन बश्या संपवून वर तिसरी मागणारा हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. भीती घालवायची नसते, तिला बाजूला बसवून आपलं काम करायचं असतं, हे त्यांना कळलं होतं. मला ते अजून जमलेलं नाही. मी भीती वाटेल तिथं जातच नाही, हा माझा इलाज.

चांगली काही वर्षं अशी गेली. ब्रिगेडची पोरं खेळू लागली, व्हरांड्यातल्या खुर्च्यांत त्यांच्या बायका बसू लागल्या. वहिनी मात्र मोहाखालीच बसत. म्हणायच्या, "आता थ्या खुर्चीतून ओरडलं तं बरं दिसन का?"

मग वहिनींची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा नागपूर. पहाटेची एसटी, दिवसभर त्या डायलिसिसच्या मशीनपाशी, रात्री परत, दुसऱ्या दिवशी ड्यूटी. गजभियांना मी बसस्टँडच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपलेलं पाहिलं आहे, एका हातात वहिनींची चप्पल आणि दुसऱ्या हातात रिपोर्टांची पिशवी. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तरीही आधी गॅसचा खटका पाहून मग माझ्याजवळ बसायचे. त्या हिवाळ्यात ते खेळणार नव्हते. वहिनींनी हाकललं. "जा जी, खेळा. माह्या तोंडाकडे पाहून का मशीन बंद होणार हाय?" त्यांना मोहाखाली खाटेवर आणून बसवलं. प्रश्न विचारला तेव्हा आवाज टीपर्यंत पोचला नाही. पण गजभियांनी उत्तर दिलं, नेहमीपेक्षा मोठ्यानं.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गजभिये कपाला येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट. टीवर उभे राहिले आणि क्लब असा फिरला की मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. हात हलला नाही. झोपेनं नाही, थकव्यानंही नाही. हलायचं काही कारणच उरलं नव्हतं. चेंडू जाऊन पडला त्या दिशेला त्यांनी पाहिलंही नाही, ते मोहाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले.  तो प्रश्न विचारायचा हक्क आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. मग ते पिशवी खांद्याला लावून चालू लागले. प्रत्येक ब्राउनवर त्यांनी फळी ओढली, प्रत्येक चेंडू आत घातला, आणि कप जिंकला. नवे मॅनेजर म्हणाले, काय शांत माणूस आहे, दडपण म्हणून नाहीच! त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. कप फ्रिजवर ठेवला होता, त्यात चाव्या टाकलेल्या. त्यांनी कोरा चहा केला. चहाचा कप माझ्या हातात देताना त्यांचा हात बघवत नव्हता इतका स्थिर होता.

"जिंकलो मास्तर," ते म्हणाले. "जे पाह्यजे होतं थे भेटलं. हात नाई हालला."

मी चहा पीत राहिलो.

"भेव लागाले मांगं कोणी असाव लागते," ते म्हणाले. "चुकलो तं घरी जाऊन तोंड दाखवाचं हाय, म्हणून भेव. आता कोणाले दाखवू? हे कसं खेळणं झालं? झाडूनं अंगण झाडल्यासारखं झालं." त्यांचा आवाज फुटला नाही. फुटला असता तर मला बरं वाटलं असतं. मी उठलो तेव्हा ते मला सोडायला फाटकापर्यंत आले, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदाच दिसलं की त्यांची पाठ वाकली आहे.

रिटायर होऊन ते आसगावला गेले. होजची पिशवी ब्रिगेडच्या पोरांना देऊन टाकली. मीही रिटायर झालो. मधल्या काळात अर्ध्या मैदानावर शेड उभ्या राहिल्या, उरलेल्यात गाजरगवत माजलं. कप बंद पडला. कोणाला खंत वाटली असेल तर मला माहीत नाही. आम्ही सगळे आपापल्या गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात गुंतलो होतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कप पुन्हा सुरू झाला त्या सकाळी. एका नव्या उत्साही मॅनेजरांनी चार-पाच होल साफ करून घेतले, आणि पहिला चेंडू जुन्या विजेत्यानं मारावा असं ठरवलं. गजभिये आसगावहून एसटीनं आले. वाळले होते, दात गेले होते, पण बुटांना पॉलिश होतं. क्लबच्या चहाच्या स्टोव्हकडे एक नजर टाकूनच ते माझ्याकडे आले.

"मास्तर, हात धरा बरं," ते हळूच म्हणाले.

मी धरला. हात हलत होता.

"वय झालं गजभियेजी," मी म्हणालो. "माझाही हलतो."

"वय नोहे जी!" ते जवळजवळ चिडलेच. "घरी कप धरतो तं थेंब नाई सांडत. काल सांजेपासून येरझारा घालून राहिलो. रातभर झोप नाई. बसमध्ये मनात आलं, चुकलं तं लोक काय म्हणतीन? मंग मलेच हासू आलं. किती वर्षानं लोकायची लाज वाटली मले." त्यांचे डोळे चमकत होते. "आलं मास्तर. वापस आलं."

ते टीवर गेले. नव्या खुर्च्यांत नवी माणसं होती, कोणीच ओळखीचं नाही. मोहाचं झाड होतं, त्याच्या सावलीत दोन स्कूटर लावलेल्या. गजभियांनी क्लब उचलला, फिरवला, आणि क्लब चेंडूच्या वरून हवेतून निघून गेला. चेंडू होता तिथंच. कोणी खोकलं. मॅनेजर बुटाकडे पाहू लागले. तीच पहिल्या दिवसाची शांतता.

गजभिये सरळ झाले. मोहाकडे वळले. कोणी काही विचारलं नव्हतं. तरी त्या हजेरीच्या आवाजात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ते ओरडले, "भेलो वो!"

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं, हे काय म्हणाले म्हणून. मी टीकडेच पाहत राहिलो. गजभियांनी दोन्ही तळहात पँटला पुसले, क्लब धरला, आणि हसत हसत पुन्हा चेंडूसमोर उभे राहिले.